चिलटाच्या पंखावरची खाच

“हे कोणाकडून आलं, सर? आमच्या घराण्यात तर असलं कधी नव्हतं. तिच्या माहेरचं असेल का?”

हा प्रश्न मला कामतघरातल्या एका खोलीत एका आजीबाईंनी विचारला. त्यांचा मोठा नातू माझा विद्यार्थी. धाकटा नातू नऊ वर्षांचा. महिनाभर त्याला ताप येत-जात होता, मानेत गाठी आल्या होत्या, तोंड पांढरेफटक पडले होते. अखेर परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी होऊन रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले. तिथला इंग्रजी कागद घेऊन माझा विद्यार्थी माझ्याकडे आला होता. कागदावर एक ओळ होती : नॉच-1 या जनुकात म्युटेशन आढळले. म्युटेशन म्हणजे काय, एवढे त्याने कुठेतरी वाचले होते. ‘जनुकात दोष’ असे त्याने घरी सांगितले. जनुक म्हटले की पिढीजात, पिढीजात म्हटले की कोणाचे तरी घराणे आले. मुलाची आई दाराशी उभी होती. ती काही बोलत नव्हती.

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. “विचारून सांगतो,” एवढेच म्हणून परतलो. पुढे महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले, पुस्तके चाळली, डॉक्टरमंडळींना भेटलो. जे समजले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. गावोगाव तो विचारला जातो, आणि पुष्कळदा त्याचे चुकीचे उत्तर एखाद्या आईला जन्मभर वागवावे लागते.

उत्तर आधी सांगून टाकतो. ते आईकडून आले नाही आणि बापाकडूनही नाही. हे कशावरून, ते समजायला जरा वाकड्या वाटेने जावे लागेल. त्या वाटेवर पहिली गाठ पडते ती एका चिलटाशी.

पिकल्या केळ्यांच्या घडाभोवती बारीक चिलटे घोंघावतात, ती तुम्ही पाहिली आहेत. दहा-बारा दिवसांत त्यांची नवी पिढी तयार होते, म्हणून आनुवंशिकतेच्या अभ्यासकांचे ते मोठे लाडके जनावर आहे. अमेरिकेत थॉमस हंट मॉर्गन यांनी अशी चिलटे हजारोंनी दुधाच्या बाटल्यांतून वाढवली. 1914 साली जॉन डेक्स्टर या अभ्यासकाला काही चिलटांच्या पंखाच्या कडेला खाच पडलेली दिसली. कात्रीने कापावी तशी. 1917 साली मॉर्गन यांनी या खाचेमागचा जनुकातला बदल नोंदवला. खाचेला इंग्रजीत नॉच म्हणतात, म्हणून जनुकाचे नाव नॉच पडले. चिलटाच्या पंखाला खाच पडली तर जगाचे काय बिघडले, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला दोष देता आला नसता. पण हेच जनुक थोड्या फरकाने माणसातही आहे, आणि ते फार महत्त्वाच्या कामावर नेमलेले आहे, हे पुढे कळायचे होते.

आता जनुक म्हणजे काय आणि प्रथिन म्हणजे काय, एवढे पाहून घेऊ. शिक्षकबंधूंनी ही दोन वाक्ये क्षमा करून ऐकावीत. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक मोठी वही आहे. तिच्यातला एकेक पाठ म्हणजे एकेक जनुक. पाठात लिहिले असते ते प्रथिन कसे बनवायचे त्याची कृती. प्रथिन म्हणजे केवळ डाळीत असते ते नव्हे. पेशीतली हत्यारे, खिळे, दोऱ्या, कुलपे, सगळी प्रथिनांचीच घडलेली आहेत. अमिनो आम्ल नावाचे वीस प्रकारचे मणी असतात. ते पाठात सांगितलेल्या क्रमाने ओवले की माळ तयार होते, आणि ती माळ गुंडाळून विशिष्ट आकार घेते, तेव्हा ते प्रथिन होते. माणसातले नॉच-1 हे प्रथिन 2555 मण्यांचे आहे. त्याची कृती नवव्या गुणसूत्रावर लिहिलेली आहे.

हे प्रथिन करते काय? इथे मी आमच्या गावचा माग मदतीला घेतो. भिवंडीत ज्याने चार दिवस काढले त्याला माग समजतो, आणि ज्याने काढले नाहीत त्याने एकदा येऊन पाहावा.

मागाच्या बाजूला एक दांडा असतो. विणकर तो ओढतो, तेव्हा मोटरचा जोर मागाला मिळतो आणि धोटा इकडून तिकडे धावू लागतो. दांडा बाहेर, हलते आत. शिवाय आणखी एक सोय असते. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की काट्यासारखा एक भाग ते ओळखतो आणि माग बंद पाडतो. नाहीतर माग रिकामाच धडधडत राहील आणि कापड वाया जाईल. म्हणजे चालू होण्याला कोणाचा तरी हात लागतो, आणि थांबण्याची व्यवस्था मागातच असते.

नॉच-1 हे असेच प्रथिन आहे. ते पेशीच्या भिंतीत आरपार बसलेले असते, अर्धे बाहेर, अर्धे आत. शेजारची पेशी आपल्या अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने त्याचे बाहेरचे टोक धरते आणि खरोखरच ओढते. ओढ बसली की घडी उलगडते आणि आत झाकलेला सांधा उघडा पडतो. मग पेशीतल्या दोन कात्र्या, पहिली बाहेरच्या बाजूने आणि दुसरी भिंतीच्या जाडीत, तो तुकडा कापतात. आतला भाग सुटतो, थेट पेशीच्या केंद्रात जातो आणि तिथले काही पाठ वाचायला लावतो. काम झाले की त्या तुकड्याच्या शेपटीवर एक खूण असते, ती पाहून पेशी त्याची विल्हेवाट लावते. हात लागला, माग चालला, काम झाले, माग थांबला.

ज्या पेशींत आपल्याला हे पाहायचे आहे त्या रक्ताच्या. हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तिथे तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात, रात्रंदिवस तयार होत असतात. एकट्या तांबड्या पेशीच सेकंदाला वीसेक लाख. पांढऱ्या पेशींपैकी काही कोवळ्या पेशी मज्जेतून निघून छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकायला जातात. ही ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वय वाढेल तशी आक्रसत जाते. तिथे पोचलेल्या कोवळ्या पेशीचा नॉचचा दांडा शेजारणी ओढतात. त्यामुळे तिला कळते की आपल्याला टी प्रकारची रक्षक पेशी व्हायचे आहे. ती काही काळ वाढते, शिकते आणि बाहेर पडते.

आता समजा, त्या 2555 मण्यांपैकी एकच मणी चुकला. सोळाशेच्या आसपासच्या एका ठिकाणी ल्युसिन नावाचा मणी असायचा, त्याच्या जागी प्रोलिन आला. प्रोलिन हा मण्यांमधला वाकडा मणी. तो बसला की माळेला बाक येतो. आणि नेमकी ती जागा सांधा झाकणाऱ्या घडीतली आहे. घडी सैल पडली, सांधा उघडा राहिला. आता शेजारणीने ओढण्याची गरजच उरली नाही. कात्र्या आपोआप चालतात. दांडा झिजून सैल झाला म्हणजे नुसत्या हादऱ्यानेही माग सुरू व्हावा, तसे झाले. काही मुलांत दुसरी चूक असते : प्रथिनाची शेपटीच तुटलेली, म्हणजे विल्हेवाटीची खूणच नाही. बाण्याचा काटा मोडला, माग थांबेना. आणि काही मुलांत या दोन्ही चुका एकाच पेशीत सापडतात. ती कोवळी पेशी मग शिकून बाहेर पडत नाही. नुसती वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मज्जा तिनेच भरून जाते. तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून मूल पांढरे पडते. बिंबिका घटतात म्हणून हिरड्यांतून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. कामाच्या पांढऱ्या पेशी घटतात म्हणून ताप हटत नाही.

मुलांना होणाऱ्या कर्करोगांत रक्ताचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. त्यातही कोवळ्या लसीकापेशींचा तीव्र प्रकार मुख्य. याचे दोन पोटप्रकार, बी आणि टी. टी हा कमी. पाश्चात्त्य देशांत शेकडा दहा ते पंधरा मुलांत तो असतो. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत त्याचे प्रमाण याहून बरेच जास्त दिसते. मुलींपेक्षा मुलग्यांत, आणि थोड्या मोठ्या मुलांत तो अधिक होतो. 1991 साली अशा काही रुग्णांत नवव्या गुणसूत्राचा तुकडा सातव्याशी जोडला गेल्याचे आणि त्या तुटीच्या जागी नॉच असल्याचे सापडले. पण अशी तूट क्वचितच दिसे, म्हणून लोकांना ते कुतूहलाचे प्रकरण वाटले. मग 2004 साली बोस्टनच्या डॉ. जॉन आस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी प्रकारच्या रुग्णांच्या पेशींतला हा पाठ अक्षर अक्षर वाचून पाहिला. निम्म्याहून अधिक रुग्णांत वर सांगितलेल्या चुका निघाल्या. चिलटाच्या पंखावरची खाच दिसल्याला तेव्हा नव्वद वर्षे झाली होती.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे येऊ.

पेशी दुभागते तेव्हा सगळी वही नकलून काढते. एखाद्या गुरुजींनी वर्गाला फळ्यावरचा उतारा उतरून घ्यायला सांगितला, आणि एका मुलाने एक काना जास्त दिला. चूक त्या मुलाच्या वहीत आहे. फळ्यावर नाही आणि गुरुजींच्या पुस्तकात तर मुळीच नाही. त्या मुलाची वही पाहून पुढच्यांनी उतरवले तर त्यांच्या वहीत तो काना येईल, बाकी वर्गाच्या वह्या स्वच्छच राहतील. नॉचची चूक ही अशी आहे. मुलाच्या शरीरातल्या कोट्यवधी पेशींपैकी रक्ताच्या एका पेशीत नक्कल करताना ती घडते. त्याच्या कातडीत, डोळ्यांत, हृदयात तीच वही बिनचूक असते. आईच्या आणि बापाच्या वहीत ती चूक नसते. म्हणून ती वारशाने आलेली नाही, आणि मूल बरे होऊन मोठे झाले तर त्याच्या मुलांकडेही जाणार नाही. शिवाय एकट्या नॉचने रोग होतोच असे नाही. बहुधा त्याच पेशीत आणखी दोन-चार चुका साचाव्या लागतात.

मग कर्करोग कधीच वारशाने येत नाही का? येतो, काही थोड्या घराण्यांत आणि काही जन्मजात अवस्थांत मुलांच्या रक्तकर्करोगाचा धोका वाढलेला असतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो वाढतो, हे ठाऊक आहे. असे काही असेल तर डॉक्टर स्वतःच विचारतात. पण बहुतेक मुलांच्या बाबतीत भावाबहिणींची काळजी करण्याचे कारण नसते. एकरूप जुळी असतील तेवढी मात्र ताबडतोब दाखवावीत. आणि हा रोग संसर्गाचा तर नाहीच. त्या मुलाच्या ताटात जेवल्याने, त्याचा सदरा घातल्याने तो कोणाला होत नाही. गरोदरपणात आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, याचाही इथे संबंध नाही. हे मी त्या खोलीत जाऊन पुन्हा सांगितले, मुद्दाम मुलाच्या वडिलांसमोर आणि आजीसमोर. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मागाचाच दोष म्हणायचा, सूत चांगलं होतं.” मला यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

तुम्ही म्हणाल, दोष कळला, पण औषध काय? इथे खरे तेच सांगितले पाहिजे. भिंतीतली ती दुसरी कात्री अडवणारी औषधे तयार झाली, रुग्णांना देऊनही पाहिली. पण नॉचचे काम आतड्यातही असते. तिथला दांडाही अडला आणि रुग्णांना जबर हगवण लागली. त्यामुळे ती औषधे नेहमीच्या उपचारात आलेली नाहीत. वर्तमानपत्रांत आपल्याकडच्या ‘नेक्सकार-19’ या उपचाराविषयी तुम्ही वाचले असेल. पवईची आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून तो उभा राहिला, ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु तो बी प्रकारच्या पेशींवर चालतो, टी प्रकारासाठी नाही. या मुलाच्या वडिलांना कोणीतरी तो करून घ्या म्हणून सांगितले होते आणि ते माग विकायला निघाले होते.

मग मुले बरी होतात ती कशाने? साध्या, जुन्या, परीक्षा पास झालेल्या औषधांनी. त्यातले एक मेथोट्रेक्सेट. त्याच्या मागे आपल्याच देशाचा माणूस आहे, आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्तकर्करोग झालेल्या 16 मुलांना दिले. 10 मुलांना उतार पडला. हे 1948 साली प्रसिद्ध झाले. तो उतार तात्पुरता होता, पण त्याआधी या रोगात उतार हा शब्दच नव्हता. मेथोट्रेक्सेट हे त्याचेच धाकटे भावंड.

टाटा रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. तरी पुढे कित्येक वर्षे या रोगाच्या पाच मुलांपैकी जेमतेम एक वाचत असे. 1984 सालापासून तिथे डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेचे डॉ. इयन मॅग्रथ यांच्या सहकार्याने औषधांचा एक ठरीव क्रम सुरू झाला, एम.सी.पी. 841 या नावाचा. आपल्या रुग्णालयांना झेपेल असा तो बेतला होता. वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण त्याने निम्म्याच्या आसपास आणि पुढे त्याच्याही वर नेले. त्यानंतर उपचार आणखी सुधारले आहेत. श्रीमंत देशांत आज या रोगाची दहांतली नऊ मुले वाचतात. आणि नॉचमध्ये चूक सापडली म्हणजे मुलाचे भवितव्य वाईट, असेही नाही. जर्मनीत टी प्रकारच्या 157 मुलांचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून थोड्या अधिक मुलांत ही चूक होती, आणि त्याच मुलांना औषध अधिक चांगले लागू पडले होते. सगळ्याच अभ्यासांत एवढा स्पष्ट फरक दिसला नाही, तरी कागदावर ‘म्युटेशन’ पाहून हातपाय गाळायचे कारण नाही.

हातपाय गळतात ते दुसऱ्याच ठिकाणी. उपचार दोन-अडीच वर्षांचा. पहिल्या काही आठवड्यांतच ताप जातो, गाठी विरतात, मूल खेळू लागते. घरच्यांना वाटते, झाले बरे. तिकडे भिवंडीहून ठाण्यापर्यंत एस.टी., तिथून लोकल, दिवसाची मजुरी बुडते. आणि मग जाणे थांबते. मज्जेत लपलेल्या मूठभर पेशी काही महिन्यांत पुन्हा डोके वर काढतात, आणि दुसऱ्या खेपेला त्या औषधाला सहज दाद देत नाहीत. टी प्रकारात तर रोग उलटला की सावरणे फारच अवघड. म्हणून पैशाची अडचण डॉक्टरांपासून लपवू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. टाटा रुग्णालयात समाजसेवकांचा विभाग आहे, तो सर्वांत आधी गाठावा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशाच रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालते.

खेड्यातल्या दवाखान्यांत दोन फसगती होतात, त्याही सांगून ठेवतो. मानेतल्या गाठी आणि छातीच्या फोटोतली सावली पाहून क्षयाचे औषध सुरू होते. ते लागू पडले नाही तर साधी रक्ततपासणी पुन्हा करून घ्यावी. दुसरे म्हणजे, हाडे दुखतात म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या त्या पेशींनाही मारतात, म्हणून मूल चार दिवस टवटवीत दिसते आणि खरे निदान झाकले जाते. मूल पांढरे पडत असेल, लंगडत असेल, विनाकारण डाग उठत असतील, तर आधी रक्त तपासावे, मग गोळी. आडवे निजल्यावर मुलाला धाप लागत असेल तर मात्र थांबूच नये. थायमसच्या जागी वाढलेली गाठ श्वासनळीवर दाब देत असू शकते.

तो मुलगा आता शाळेत जाऊ लागला आहे. उपचाराचा सांभाळण्याचा भाग अजून वर्षभर चालेल. केस नव्याने येताहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. सुरुवातीला शेजारच्या बाकावरचा मुलगा उठून दुसरीकडे बसला. वर्गशिक्षिकाबाईंनी फारसे भाषण केले नाही. त्या स्वतः त्याच्या बाकावर बसून त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा परत आपल्या जागी आला.

बाईंनी आणखी एक काम केले, ते सर्व शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला की त्या त्याच दिवशी या मुलाच्या घरी निरोप धाडतात. औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. इतरांना आठवड्यात बऱ्या होणाऱ्या कांजिण्या त्याच्या जिवावर बेतू शकतात. संपर्क आल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे पोचला तर काही करता येते. मागच्या पावसाळ्यात असा निरोप एकदा रात्री नऊ वाजता आला, आणि पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने आई त्याला घेऊन परळला गेली.